निळ्या दारावरचा चरा

माझ्या आत्याने पन्नाशी उलटल्यावर पहिली गाडी घेतली, आणि गाडी घरी आणायच्या दिवशीच शोरूममध्ये भांडण केलं. भांडण शोरूमवाल्यांशी नव्हतं. माझ्या बाबांशी, म्हणजे तिच्या सख्ख्या थोरल्या भावाशी होतं.

तिचं पार्लर आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन, दारामागे वाळत टाकलेले पांढरे टॉवेल, आणि शाम्पूचा एक वास, जो आता तिच्या कपाटातल्या कपड्यांनाही येतो. भिंतीवरचा मोठा आरसा बाबांनी लावलेला आहे, म्हणून तो डावीकडे किंचित कललाय. आत्याने तो कधी सरळ केला नाही. गिऱ्हाइकांनाच ती मान जराशी तिरकी करायला सांगते. लग्न मोडून ती परत आली तेव्हा बाबांनी तिला ही खोली दिली, पाटीचा रंग ठरवला, दुकान कधी बंद करायचं तेही ठरवलं. दर वेळी ती ‘बरं दादा’ म्हणाली. बाबा तिला जपत आले, हे खरं. जपता जपता ते तिच्या वतीने बोलायलाही लागले होते, हेही खरं.

गाडी मात्र तिने एकटीने ठरवली. चालवायला गुपचूप शिकली. रंगही स्वतः निवडला: गडद निळा, उन्हात गेला की जांभळट दिसणारा. त्या दिवशी शोरूममधून गाडी स्वतः चालवत घरी यायचं, एवढीच तिची इच्छा होती. आदल्या आठवडाभर ती मला तेवढंच सांगत होती.

आम्ही दोघी पोचलो तर काचेमागे सगळ्या रंगांच्या गाड्या होत्या, तिची तेवढी नव्हती.

“मॅडम, गाडी आत कोटिंगला ठेवलीय,” सेल्समन अदबीने म्हणाला. “परवा मिळेल. सरांशी बोलणं झालंय.”

“कुठल्या सरांशी?”

सर कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून फुकटची कॉफी पीत होते. कागद तपासतो म्हणून बाबा आमच्या आधीच येऊन बसले होते. “मीच हो म्हटलं,” ते म्हणाले. “गडद रंग आहे, बघता बघता खराब होतो. हे लोक वर काचेसारखा थर देतात. तू घरी जा, परवा मी घेऊन येतो गाडी.”

आत्याने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. सेल्समनला वाटलं, मॅडमना पटवायचं राहिलंय. त्याने आम्हाला एका सुट्या बॉनेटपाशी नेलं. त्याच्या अर्ध्या भागावर कोटिंग होतं, अर्ध्यावर नव्हतं. त्याने वरून फवारा मारला. एकीकडे पाणी पसरलं, दुसरीकडे त्याचे टपोरे थेंब होऊन घरंगळले.

“थेंब गोल झाले की काय होतं?” आत्याने विचारलं.

“पाणी थांबत नाही ना, मॅडम.” मग त्याने आवाज खाली आणला. “हा थर रंगावर घट्ट बसतो. लॉक होतो. ऊन, धूळ, काही आत शिरत नाही.”

आत्या एकदम हसली. “आवाज छान खाली आणलात हो. ‘लॉक होतो’ला मीसुद्धा असाच आणते.”

“म्हणजे?”

“माझं पार्लर आहे. केसांवर थर बसतो, लॉक होतो, हे मी रोज सांगते. समोरच्या भिंतीवर आधीचा आणि नंतरचा फोटोही लावलाय.”

“म्हणजे तू लोकांना गंडवतेस?” बाबांनी सोफ्यावरून विचारलं.

“गंडवत नाही. थर बसतोच. घरी नीट धुऊन, नीट तेल लावूनही केस चांगले राहतात, हे मात्र मी आपणहून सांगत नाही. कुणी विचारलं तर सांगते.” ती सेल्समनकडे वळली. “मी विचारतेय.”

तो बिचारा तिच्यापेक्षा कितीतरी लहान. त्याने बाबांकडे पाहिलं, मग फवाऱ्याच्या बाटलीकडे. “घरी करता येतं, मॅडम. नीट धुऊन हाताने मेण लावायचं. दर थोड्या महिन्यांनी परत लावावं लागतं. कटकट असते, म्हणून लोक करत नाहीत.”

“आमच्या गाडीवर काम सुरू झालंय?”

“अजून नाही.”

“मग चावी द्या.”

बाबा उठले. “अगं, मी त्यांना हो म्हटलंय.”

“तू हो म्हटलंस, दादा. मी कुठे म्हटलं?”

“आणि धुणार कोण?”

“मी. दिवसभर लोकांची डोकी धुते, गाडीचा टपही धुवेन. तो निदान पाणी गार आहे म्हणून ओरडणार तरी नाही.”

सेल्समन तोंड लपवून हसला, आणि त्या हसण्याने बाबांचा चेहरा पडला. परत येताना ते पुढे बसले आणि खिडकीवरचा दांडा धरून राहिले. फाटकाशी गाडीने एक गचका दिला आणि इंजिन गप्प झालं.

“बंद पाडलीस,” बाबा म्हणाले.

“थांबवली,” आत्या म्हणाली.

पार्लर सोमवारी बंद असतं. त्या दिवशी इमारतीमागच्या सावलीत आत्याचं काम चालायचं. एका बादलीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. वरून खाली धुवायचं, फडका दर वेळी साध्या पाण्यात घुसळायचा. मग चिमूटभर मेण, छोटा स्पंज, आणि तिची बोटं. त्या बोटांची गोलाई मी लहानपणी माझ्या टाळूवर अनुभवली आहे. वरच्या गॅलरीतून बाबांचं समालोचन यायचं. “कोपरा राहिला.” “अशाने मनगट जाईल.” “शोरूमला फोन करू का, अजून घेतात ते.” ती मान वर न करता म्हणायची, “कर. माझा नमस्कार सांग.”

पुसायला तिने पार्लरचे जुने टॉवेल काढले होते. धुऊन धुऊन इतके मऊ झालेले, की बाजारात तसे मिळणार नाहीत, असं तिचं म्हणणं. एका सोमवारी ती ड्रायव्हरच्या बाजूचं दार पुसत होती. हात लांब, एका दमात, बिजागरीपासून मुठीपर्यंत. मध्येच एक बारीक कोरडा आवाज आला. ती थांबली. टॉवेल उलटा केला. शिवणीच्या घडीत केसांची एक पिन अडकली होती, कुणा गिऱ्हाइकाच्या डोक्यातून निसटलेली. दारावर एक सरळ पांढरी रेघ होती, जवळजवळ हाताएवढी लांब.

गॅलरी नेमकी तेव्हा रिकामी होती. मी हळूच म्हटलं, “आत्या, बाजारात कुणीतरी चरा मारला म्हणू. रोज कुणाच्या ना कुणाच्या गाडीला मारतातच.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी बादली उचलून उगाच दुसरीकडे ठेवली. मग तिने ओला हात तोंडाशी नेऊन हाक मारली. “दादा! खाली ये. चरा पडलाय. मी पाडलाय.”

बाबा चपला न घालताच आले. रेघेवरून बोट फिरवलं. इतके आठवडे ओठांवर ठेवलेलं वाक्य त्यांनी एकदाचं म्हटलं, “सांगितलं होतं मी.”

“बस गाडीत,” आत्या म्हणाली.

“कुठे?”

“बस तर.”

गाडीवरून पाणी ओघळत होतं, बाबा अनवाणी होते, आणि अशा थाटात आम्ही शोरूमला पोचलो. तोच सेल्समन बाहेर आला. आत्याने त्याला दार दाखवलं, तळहातावरची पिन दाखवली. “खरं सांगा. तुमचं कोटिंग असतं तर ही पिन अडली असती?”

“मॅडम, धूळ कमी चिकटली असती. धुणं सोपं झालं असतं. चमक जास्त टिकली असती.”

“पिनेचं विचारतेय.”

“नाही,” तो म्हणाला. “पिनेने तेही कापलं असतं.” आणि लगेच, सवयीने, “पण आता पॉलिश करून वर पारदर्शक फिल्म लावली, तर...”

“बघितलंस?” बाबा म्हणाले. “आहे उपाय. करून टाकू. मी बघतो सगळं, तू काळजी करू नकोस.”

आत्याने पिन पर्समध्ये टाकली. इतका वेळ तिचा आवाज चढला नव्हता, आताही चढला नाही. “दादा, तू मला जपलंस, हे मी विसरणार नाही. पण गाडी माझी आहे, तर चराही माझाच असू दे ना. त्यातसुद्धा तुझं ‘सांगितलं होतं’ नको.”

बाबा आपल्या अनवाणी पायांकडे पाहत राहिले. शोरूमच्या फरशीवर त्यांचे ओले ठसे उमटले होते.

परतीच्या वाटेवर त्यांनी खिडकीवरचा दांडा धरला नाही. विसरले असतील.

आत्याने पुढे पॉलिशची लहानशी डबी आणली आणि त्या रेघेवर बोटाला फडका गुंडाळून काम केलं. कडा बुजल्या, मधला चरा राहिला. तिरप्या उन्हात अजून दिसतो. पार्लरमधल्या बायका विचारतात, “अगंबाई, हे कुणी केलं?” ती ठसक्यात सांगते, “मीच.” आणि कुणी केसांच्या थराबद्दल विचारलं तर दोन्ही बाजू सांगते. विचारलं तरच.

परवाच्या सोमवारी ती पायरीवर बसून टॉवेलच्या शिवणी चाचपत होती, अंबाड्यातल्या पिना शोधाव्यात तशी. जिन्यावर पावलं वाजली. बाबा खाली आले, पँट दुमडलेली, हातात आमच्या न्हाणीघरातली बादली.

“टप मी घेतो,” ते म्हणाले. “तुझा हात पोचत नाही नीट. आणि ऐक, मेण जरा पातळ...”

“दादा.”

“काय?”

“आधी घड्याळ काढ. पट्टा धातूचा आहे.”

बाबांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग बादली खाली ठेवली आणि पट्टा सोडायला लागले.