आप्पांचा हाकारा

समोरच्या ओसाड माळावरून तुमच्या वडिलांच्याच आवाजात कोणी हाक दिली – आणि वडील तुमच्या शेजारी गप्प उभे असले – तर तुम्ही काय म्हणाल? प्रतिध्वनी? मीही तेच म्हणाले होते...

आधीच सांगते. भूत, भानामती, अंगात येणं यातलं मी काही मानत नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं वाचत आणि वाटत मी मोठी झाले. भर बाजारात एका बाबाच्या मांडवासमोर उभी राहून शिव्या खाल्ल्या आहेत. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस हात धजला नाही.

चकलांब्याच्या शिवारात आमचं शेत. गावात एसटीडीचा बूथ नुकताच आला होता. माझा थोरला भाऊ शिवादादा टेक्निशियन. दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ खंडातल्या आपल्या देशाच्या तळावर तो वर्षभरासाठी गेला होता. तिथला हिवाळा संपून ऊन परतलं, की दरवर्षी त्या आभाळातला ओझोनचा थर विरळ होत जातो. किती विरळ झाला ते मोजायला भल्यामोठ्या फुग्याला यंत्र बांधून वर सोडतात. ते दादाचं काम. तिकडे हा मोसम, आणि इकडे नेमका भादवा – बाजरी दाण्यावर आलेली, पाखरं राखायचे दिवस.

ओझोनवर मी पत्रक काढलं होतं, 'आभाळाला भोक कोणी पाडलं?' आप्पांना, म्हणजे वडिलांना, वाचून दाखवलं.

"आन् त्ये भोक मोजायला आमचंच पोरगं घावलं?" आप्पा म्हणाले. "मोजल्यानं बुजतंय व्हय गं माय?"

"मोजल्याबिगर बुजवायचं तरी कसं, आप्पा?"

"लई शानी हायस. धर ती गोफन."

आमच्याकडे पाखरं हाकलायचा प्रत्येकाचा हाकारा वेगळा असतो. आप्पांचा शेवटी एकदम चढायचा आणि तुटायचा – "हुईऽऽ हुई हाऽ!" शेजारचा मग आपल्या मचाणावरून स्वतःचा हाकारा देतो. माणूस जागेवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्याचा हाकारा कोणी देत नाही. तशी रीतच नाही.

अनंत चतुर्दशीचा दिवस होता. ऊन रणरणत होतं. आप्पा मचाणावर जेवायला बसले होते, मीही वर होते. एकाएकी हातातला घास टाकून ते उभे राहिले.

"आपला शिव्या वाट चुकलाय."

"आप्पा, तिथं वाटा हायत का चुकायला? बसा, भाकर खावा."

ते दक्षिणेकडे वळले. तिकडे नुसता मुरमाड माळ. पीक नाही, पाखरू नाही. आणि त्या माळाकडे तोंड करून ते हाकारा घालू लागले... एकामागून एक. मी दंड धरला. दंड बर्फासारखा गार! त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती – भादव्याच्या उन्हात.

"आप्पा, लोक हसतील. कशापायी वरडायलात?"

त्यांनी गोफणीत मातीचा गोळा घातला आणि माळाकडे भिरकावला. मुरमावर गोळा फुटल्याचा आवाज नेहमी येतो. मी कान देऊन थांबले. आलाच नाही. बाजरीतली पाखरंसुद्धा गप्प झाली होती.

आणि मग माळावरून हाकारा आला. आप्पांचाच. चढला... तुटला. आप्पांनी तेव्हा तोंड मिटलेलं होतं.

मी म्हणाले, "घुमला आसंल." आप्पा त्या हाकेला ओ देत घसा फुटेपर्यंत पुन्हा ओरडत राहिले. मग खाली बसले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "घावला." तेवढंच. त्यांचा आवाज त्या दिवशी बसला तो आजवर उघडलेला नाही. कुजबुजल्यासारखं बोलतात.

पुढे बूथवर दादाचा फोन आला. त्याच दिवशी फुगा सोडून परतताना बर्फाच्या वादळात त्याच्या हातून दोर सुटला होता. तिथं खोलीपासून खोलीपर्यंत दोर बांधलेला असतो, तो धरूनच चालायचं. पुढे केलेला स्वतःचा हातही दिसत नव्हता.

"आप्पांचा हाकारा ऐकला गं. वाटलं, डोकं फिरलं. तेवढ्यात डाव्या खांद्यावर ढेकूळ बसल्यागत झालं. तिकडं झुकलो आन् हाताला दोर लागला."

"मग तू आप्पांचाच हाकारा उलटून दिलास ना? आमी ऐकला."

"न्हाई. तोंडावरचं कापड गोठलं व्हतं, ओठ उघडत नव्हते. पर माझ्या मागून दुसरं कुनीतरी वरडत व्हतं. आप्पांसारखंच. जवळ येत व्हतं. मी वळून बघितलंच न्हाई."

दादा सुखरूप परतला. गावानं मचाणाला शेंदूर फासला, नारळ फोडले. मी तो शेंदूर खरवडून काढला, भांडले. पण खोटं कशाला सांगू? तेव्हापासून प्रत्येक भादव्यात, भर दुपारी, माळावरून तो हाकारा येतो. आप्पांना तो घालता येत नाही. दुसऱ्या कोणाला जमत नाही. आणि गेल्या वर्षी तो माळावरून नाही, आमच्या बांधावरून आला.

मी खूप कारणं शोधली. एकही टिकलं नाही.

यंदा दादा पुन्हा तिकडेच आहे. पुन्हा फुगे सोडतोय. म्हणतो, "आता चुकलो तरी आप्पांचा आवाज हाय की." माळावरचा हाकारा तो आप्पांचाच धरून बसलाय; त्याला कसं सांगू, की आप्पांचा आवाज आता आप्पांकडे नाही? यंदा हाकारा ऐकू आला, तर तो दुसऱ्याचाच असेल. आणि दादा त्याच्या दिशेनं चालत जाईल.

म्हणून विनंती. नारळ, लिंबू, अंगारा घेऊन येऊ नका, हाकलून देईन. टेपरेकॉर्डर घेऊन या. भादव्यात, दुपारी, माझ्या शेजारी मचाणावर उभे राहा, आवाज टेप करा आणि कारण शोधा – दादाला वेळेत कळवता येईल असं. फक्त एक पाळा. बांधावरून हाक आली, तर तुमच्यापैकी कोणीही ओ देऊ नका.