पश्चिमेच्या खोलीतला कापूस

उमरखेडच्या अलीकडे सागाच्या जंगलात वनखात्याचा जुना बंगला आहे. खांब सालीसकट उभे केलेले, जोतं नदीच्या गोट्यांचं, वर कवेलूंचं छप्पर. बांधला की उगवला, असा प्रश्न पडावा. बांधणारा गोरा साहेब पश्चिमेच्या खोलीत तापानं गेला म्हणतात.

पूनमसिंग तिथला चौकीदार. आधीच्या चौकीदारानं किल्ल्यांबरोबर त्याला एक रीतही सोपवली होती: त्या खोलीचं दार उघडण्याआधी खाकरायचं आणि विचारायचं, "येऊ का जी?" पूनमसिंगचा भुतांवर विश्वास नव्हता, पण पगार खायचा तर वरिष्ठांना मान द्यावा लागतो, ते हयात नसले तरी. तो रोज विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता आत जायचा.

त्या वर्षी कापसाला भावच नव्हता. घराघरांत कापूस आढ्याला टेकला आणि माणसं अंगणात आली. बहीण तानाबाई खाजवत खाजवतच बंगल्यावर पोचली.

"भिया, घरातल्या कापसानं लेकरायच्या अंगाची आग होऊन राह्यली. तुह्या बंगल्यात कोण झोपते?"

"कोणीच नाही."

"मंग कापूस झोपू दे."

पश्चिमेची खोली भरली. दुसऱ्या दिवशी कापसावर एक खोलगा दिसला. लांबलचक, डोक्याकडे जास्त दबलेला. पूनमसिंगनं तो सारखा केला. दुपारी पुन्हा तसाच. मांजर असेल, असं त्यानं ठरवलं. मांजर सहा फुटी आहे, हेही मग ठरवावं लागलं.

अशात नवे रेंजर आले, भर दुपारी, न कळवता. सरकारी खोलीत घरचा कापूस सापडला तर नोकरी गेलीच.

"ही उघडा."

"काही नाही जी आत. वटवाघळं."

"उघडा म्हणतो ना!"

नोकरी सुटायची वेळ आली, तरी सवय सुटत नाही. पूनमसिंग खाकरला. "येऊ का जी?"

रेंजर हसले. "कोणाला विचारता हो?"

"ठैरो," आतून आवाज आला. झोपमोड झालेल्या माणसाचा.

रेंजरांनी चहाही घेतला नाही. जीपमधूनच म्हणाले, "बंदच ठेवा."

पुढं भाव जरा चढला. तानाबाई बैलगाडी घेऊन आली.

"काहून उभा हायस? उघड ना."

"विचारलं हाय. थांबून राह्यलो."

तिनं किल्ली हिसकावली आणि न विचारता आत शिरली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "भिया, इथं निजते कोण? जागा अजून कोमट हाय!"

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली, गाडी गेली. पूनमसिंगची नोकरी शाबूत होती. म्हणजे उद्या सकाळी झाडू घेऊन त्या दाराशी जाणं आलं, विचारणं आलं, आणि आता उत्तराची वाट पाहणंही आलं.