सात, सामानासकट

यंदा हिमाचलला निघायच्या आधी दोन रात्री मला झोप नव्हती. घाटात इरा ओकेल का, उंचीवर तिला धाप लागेल का, या काळज्या मी केव्हाच औषधांच्या पाऊचमध्ये भरून चेन लावलेली. झोप उडवली होती एका वचनाने. सहा वर्षांच्या लेकीला मी शब्द देऊन बसलेले : या वेळी काहीही झालं तरी तुला उचलणार नाही. शेजारी निखिल शांत घोरत होता. आमच्याकडे काळजी नवरा-बायकोत वाटून घ्यायची पद्धत आहे, आणि वाटणी नेहमी अशीच होते.

हे वचन इतकं जड का, हे कळायला आमच्या ग्रुपचे किस्से माहीत हवेत. डोंबिवलीच्या कॉलेजातला ग्रुप, पंधरा वर्षं एकत्र डोंगर चढतोय. सॅकच्या तळाशी चिक्कीचा चुरा साठतो ना, तसे आमचे किस्से साठलेत. दरवर्षी सॅक झटकते, दरवर्षी तेवढाच निघतो.

*

पहिला माळशेज घाटातला. पॉइंट आला की गाडी थांबवायची, फोटो, चहा, चला. अशाच एका पॉइंटवरून निघून आम्ही बरेच पुढे गेलेलो. मकरंददादा आमचा म्होरक्या, सगळ्यांपेक्षा दोनच वर्षांनी मोठा, पण बोलायचा आजोबांसारखा. त्याने वडापाव वाटले. एक उरला.

"कोण खात नाहीये रे?"

सगळे खात होते. मग लक्षात आलं, शलाका गाडीतच नाही.

परत गेलो तर ती टपरीवाल्या मावशींना कांदे चिरून देत बसलेली. "आली का माझी आठवण?"

"वडापावला आली," प्रसाद म्हणाला.

त्या दिवशी दादाने नंबर वाटले. तो एक, शलाका चार, प्रसाद सहा, मी सात. एकूण अकरा. गाडीत बसताना, अवघड वळणावर, धुक्यात, दादा "एक" ओरडला की पुढच्यांनी आपापला नंबर ओरडायचा. नंबर एकदा मिळाला की जन्माचा. शलाका आता कॅनडात असते. तरी दर ट्रिपच्या सकाळी ग्रुपवर तिचा व्हॉइस मेसेज येतो, फक्त "चार". दादा तो डाउनलोड करून ठेवतो आणि "तीन" झालं की मोबाईल उंच धरून वाजवतो. मग कुणीतरी उगाच चष्मा पुसतं.

*

प्रसादचा नौपाड्यात दवाखाना आहे. घाट लागायच्या आधी तो सगळ्यांना रांगेत उभं करून उलटीची गोळी देतो, आणि गिळली का ते तोंड उघडून दाखवायला लावतो. यंदा मंडीच्या पुढे वळणं सुरू झाली आणि पहिली उलटी प्रसादने केली.

"अरे, तू नाही घेतलीस गोळी?" दादाने विचारलं.

"मला कुठे होते उलटी," असं म्हणून तो पुन्हा वाकला.

गाडी थांबली ती जागा मात्र अख्ख्या रस्त्यातली सगळ्यात सुंदर निघाली. खाली नदी, समोर देवदारांच्या रांगा. अर्धा तास फोटो काढले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात प्रसादची पाठ आहे.

*

एक फोटो मी मोबाईलमध्ये लपवून ठेवलेला. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. तिथे शहाणी माणसं पोटावर झोपून खाली डोकावतात. मी एकोणीस वर्षांची होते आणि कड्यावरून पाय सोडून बसलेले, हातात काकडी. आता तो फोटो बघितला की माझेच तळपाय गार पडतात.

गेल्या दिवाळीत इराला तो सापडला. "ही कोण गं?"

काय सांगणार? रोज बाल्कनीच्या ग्रिलपासून दोन फूट लांब उभं राहायला सांगणारी बाई मी. म्हटलं, "तुझी एक मावशी."

इराने बराच वेळ फोटो पाहिला. "मग ती का नाही येत आपल्याबरोबर?"

*

आता सामानाचं. इरा वर्षाची असल्यापासून ट्रिपला येते. सुरुवातीला माझ्या पाठीवर, कॅरिअरमध्ये. दादाचा नियम असा, की नंबर चालणाऱ्याला. निघाल्यापासून परत गाडीपर्यंत, स्वतःच्या पायांवर. उचललेलं माणूस सामानात धरायचं. म्हणून मी ओरडायचे, "सात, सामानासकट." सगळे हसायचे. इराही हसायची, समजायला लागेपर्यंत.

गेल्या वर्षी येऊरला ती सगळी वाट चालली. शेवटी एक ओहोळ होता, घोट्याएवढं पाणी. तिने एक पाय पुढे टाकला आणि मी तिला उचललं. पाचच पावलं. पलीकडे गेल्यावर मोजणी झाली, मी नुसतं "सात" म्हटलं. दादाने तिच्या कोरड्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मीच म्हटलं, "सामानासकट."

घरी पोचलो. दारात बूट काढताना इरा म्हणाली, "मला येत होतं."

*

तर यंदा, हिमाचलात. गाडी खिंडीत ठेवून नॅशनल पार्कच्या जंगलातून तळ्यापर्यंत जायचं आणि परत. जाताना इरा टुणटुण चालली. मी दोन्ही हात सॅकच्या पट्ट्यांत अडकवून ठेवलेले, म्हणजे ते आपणहून पुढे जायला नकोत.

परतताना वाट अरुंद झाली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. बाकीचे पुढे, निखिलही पुढे, सगळ्यात मागे मी, माझ्यापुढे दोन पावलांवर इरा. आणि धुकं आलं. दरी कुठून सुरू होते तेच दिसेना. मी वाटेतच खाली बसले. पुढचं पाऊल टाकवेना, मागचंही नाही.

इरा वळली. दोन पावलं मागे आली. माझ्याकडे बघत उभी राहिली.

पुढून दादाचा आवाज आला, "एक."

"दोन." "तीन." मग मोबाईलमधून, धुक्यात, कॅनडाहून, "चार." "पाच." "सहा."

माझी पाळी. मी तोंड उघडलं, मिटलं.

"सात?" दादाचा आवाज आता वेगळा होता. "अगं, सात?"

इराने माझ्या सॅकचा पट्टा मुठीत घट्ट धरला, पुढे तोंड केलं आणि जमेल तेवढ्या जोरात ओरडली,

"बारा, सामानासकट!"