खंडेनवमीला गप्प झालेलं मशीन

ती घटना आठवली की आजही मी लेकानं घरात बसवलेल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतो. बायको हसते. हसू दे.

निवृत्ती तोंडावर आली होती, बेळगावच्या सायबर ठाण्यात होतो. एक निवृत्त शिक्षक कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला घेऊन आले. सरांनी चोरांच्या भीतीनं हॉलमध्ये कॅमेरा लावून घेतला होता, आणि त्यातलेच फोटो मुलीच्या मोबाइलवर रोज येत होते. ती जेवताना, केस विंचरताना. शेवटच्या निरोपात लिहिलं होतं : दसऱ्याला सोनं द्यायला येतो, दार तूच उघड.

कॅमेरा उपटून फेकावा असं मलाही वाटलं. पण मग तो सावध होऊन निसटला असता. म्हणून मीच मुलीला सांगितलं, चालू ठेव, पोलिसांत गेलोच नाही असं वाग. पोरीनं मान हलवली. जाताना ओढणी डोक्यावरून घट्ट ओढून घेतली. मला माझीच चीड आली.

आमच्या फौजदार बाईंनी डेटाची वाट शोधली. सरांच्या घरातून मुंबई, तिथून समुद्राखालच्या केबलनं परदेशातल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर. पुढं वाट बंद. तो सर्व्हर आलेलं नुसतं पुढं ढकलत होता, खरं मशीन त्याच्या मागं कुठंतरी दडलेलं. परदेशी कंपनीला मेल केला, उत्तर नाही. दसरा जवळ येत चालला तशी माझी झोप उडाली.

खंडेनवमीला ठाण्यात गाड्यांची, शस्त्रांची पूजा चालली होती, तेव्हा मुलीचा फोन आला.

"काका, आज एकबी फोटो आला न्हाय. तो निघाला असंल, व्हय?"

मी फौजदार बाईंना हाक मारली. बाईंनी तपासलं : परदेशातला सर्व्हर चालू होता, म्हणजे मागचं मशीनच गप्प होतं. माझी नजर समोरच्या जीपवर गेली. हार घातलेली, बंद. आज आपल्याकडं यंत्र चालवत नाहीत. परदेशातल्या माणसाला खंडेनवमीचं काय? हा बाबा इथलाच असणार.

लगेच गावातल्या इंटरनेट कंपन्यांना विचारलं. कालपर्यंत त्या सर्व्हरशी जोडलेलं आणि आज सकाळपासून बंद पडलेलं कनेक्शन कुणाचं? एकच निघालं, बेळगावच्याच वडगाव भागातलं. सरांना फोन लावून नाव सांगितलं. तो त्यांचा जुना विद्यार्थी. कॅमेरा त्यानंच बसवला होता. दर दसऱ्याला सोनं घेऊन यायचा, पाया पडायचा.

आम्ही गेलो तेव्हा त्याच्या घरातले यंत्रमाग थांबलेले, झेंडूचा वास भरलेला. मागाशेजारच्या फळीवर कॉम्प्युटर होता. त्यालाही हळदकुंकू लावलेलं.

चौकशीत त्यानं आधी उडवाउडवी केली. मग मी एवढंच विचारलं, मशीन बंद का केलंस?

"आज चालू ठिवत न्हाईत, साहेब. पाप लागतंय."

अगदी सरळ बोलला. उठलेला हात मी खिशात घातला.

देवाधर्माला भिणारा माणूस मर्यादा सोडत नाही, असं मी नोकरीभर सांगत आलो. लई चुकीचं सांगितलं. यंत्राचं पाप मानणाऱ्याला पोरीला छळणं पाप कधी वाटलंच नव्हतं.

दसऱ्याला संध्याकाळी मी सरांकडं सोनं द्यायला गेलो. तो कोठडीत आहे हे मुलीला ठाऊक होतं. मी दारात नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. आतून सर म्हणाले, "उघड गं, साहेब हायत." पोरीच्या हातून कडी काही निघेना. शेवटी खिडकीच्या फटीतून एक हात बाहेर आला. मी त्यावर आपट्याची पानं ठेवली आणि परत फिरलो.