वरातीला पांढरीच हवी

गढा मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत स्कूटर जात नाही, औषधांची पेटी हातात घेऊन चालावं लागतं. एकतीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी करून राहिले, आता गुडघे कुरकुरतात. त्या सकाळी घोडीवाल्या काकांनी फोनवर एवढंच सांगितलं, "ताई, शिंगरू झालं. पांढरं आहे." चपला घालता घालताच मी चिडले.

काका मूळचे वर्ध्याकडले. वडिलांपासून वरातीला घोड्या देतात. त्यांची एक कबरी घोडी आहे, तपकिरी अंगावर पांढरे चट्टे, स्वभावानं अगदी गाय. चार वर्षांपूर्वी त्यांनी तिला पलीकडच्या मोहल्ल्यातल्या कबऱ्या घोड्याकडून फळवली आणि शिंगरू झालं दुधासारखं पांढरं, निळ्या डोळ्यांचं. हळदकुंकू लावून गल्लीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी ते पोटशुळानं लोळत लोळत मेलं. "नजर लागली," काकू म्हणाल्या.

नजर कसली, कपाळ! दोघांच्या आयाळीचे केस मुळासकट उपटून मी तपासणीला पाठवले. दोघांतही एकच दोष निघाला. मग ओट्यावर बसून समजावलं, की दोष एकाकडून आला तर पिलाला काही होत नाही. आईबाप दोघांकडून आला की पिलू पांढरं जन्मतं आणि त्याच्या आतड्याला हलवणाऱ्या नसाच तयार झालेल्या नसतात. दूध पितं, लीद होत नाही. औषध नाही. "हिला बिनदोषाच्या घोड्याकडे न्या काका, पण ही जोडी पुन्हा लावायची नाही." त्यांनी कानाला हात लावला. तीन वर्षं पाळलंही.

आणि आता पुन्हा तेच. शिंगरू आईला लुचून झालं होतं आणि मान वळवून वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहत होतं. या वेळी कपाळावर कुंकू नव्हतं, काळा टिका होता. मी तपासलं. पहिली काळी लीदसुद्धा आलेली नव्हती.

"काहून केलं काका? मी काय भिंतीला सांगत होते? सगळं पालथ्या घड्यावर पाणी!" मी ओरडलेच. काकू पदर तोंडाला लावून आत गेल्या.

काका घोडीच्या मानेवरून हात फिरवत राहिले. "कबरी कोणी नेत नाही ताई. नवरदेव पांढरीवरच बसला पाहिजे म्हणतात. मागच्या हिवाळ्यात विजय नगरात नेली होती हिला, झूल-बिल घालून. फाटकावरूनच परत पाठवली."

विजय नगरातलं ते घर आमचं. लग्न माझ्या पोराचं. जावेनं नाक मुरडलं होतं, फोटोत ही कशी दिसेल म्हणून. बँड सुरू झालेला, पाय सुजलेले, मला वाद नको होता. फाटकावर उभ्या काकांना आतून फोन मीच केला. "अच्छा काका, राहू द्या ही, आम्हाला पांढरीच पाहिजे." पांढरी त्यांच्याकडे नव्हती, मग दुसऱ्याची मागवली. त्यानंतर त्या फोनची मला एकदाही आठवण झाली नाही.

"त्याच हप्त्यात हिला त्या घोड्याकडे घेऊन गेलो," काका म्हणाले. "वाटलं, एखादं तरी पांढरं जगंल."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शिंगरू आडवं पडून पाय झाडायला लागलं. त्याला संध्याकाळपर्यंत तडफडत ठेवण्यात काही अर्थ नव्हता, हे काकांनाही कळत होतं. मी म्हटलं, "घोडीला बाहेर न्या."

"राहू द्या ताई. पाहिलं नाही तर शोधत राहते ती. मागच्या वेळी आठ दिवस शोधलं."

मी इंजेक्शन भरलं. चूक माझी आहे काका, असं म्हणायचं होतं. "डोकं धरा," एवढंच म्हणाले. त्यांनी ते पांढरं डोकं मांडीवर घेतलं.