कानबाईच्या रोटातली सातवी मूठ

कानबाईच्या रोटात धाकट्या भावाचं नाव घ्यायचं नाही, हे मी त्या वर्षी चैत्रातच ठरवून टाकलं होतं. कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. म्हणजे राग चार महिने टिकवायचा होता, आणि तो टिकला. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. रोट म्हणजे देवीच्या नैवेद्याचं अन्न. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, तो वेगळा दळायचा, आणि त्याचे रोट फक्त भाऊबंदांनी मिळून संपवायचे. बाहेरच्याला कणही देत नाहीत. ज्याच्या नावाची मूठ पडली नाही तो घरचा राहिला नाही, असा त्याचा सरळ अर्थ. वडील गेल्यापासून आमच्याकडे ही मोजणी माझ्याकडे आहे. मी जळगावला एका डाळमिलच्या वजनकाट्यावर बसतो. मोजताना कोणाची भीड धरायची नाही ही माझी सवय, आणि तिचा मला थोडा अभिमानही होता.

आता राग कशाचा होता ते सांगतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जिल्हाबंदी लागली तेव्हा आई धुळ्याला देवपुरात एकटी होती आणि मी पिंप्राळ्यात. अंतर नव्वद किलोमीटर. जायचं तर ई-पास लागे, आणि तो तीनच कारणांनी मिळे: जवळचं लग्न, मयत किंवा आजारपण. आई आजारी नव्हती, नुसती एकटी होती. एकटेपणाचा रकाना त्या फॉर्ममध्ये नव्हता. धडधाकट आईला कागदावर आजारी पाडायला माझं मन घेईना, म्हणून मी अर्जच केला नाही. रोज तीन वेळा फोन करायचो. धाकटा नाशिकला असतो. तोही फोनवर म्हणायचा, "दादा, आम्ही चौघं घरातच बंद आहोत. दारसुद्धा उघडत नाही." मला बरं वाटायचं, की भाऊ आपल्यासारखाच नियमाने वागतोय.

मग मी आणि माझी बायको दोघंही पॉझिटिव्ह निघालो आणि दारावर कागद चिकटला. आमच्या विलगीकरणाच्या सहाव्या दिवशी आईला ताप आला. शेजारच्या निवृत्त गुरुजींनी बोटाला लावायचं यंत्र आणून ऑक्सिजनचा आकडा सांगितला, चौऱ्याण्णव. दुसऱ्या दिवशी एक्क्याण्णव. मला घराबाहेर पडता येत नव्हतं. आता कारण खरं होतं, पास मिळाला असता, पण मी स्वतःच रोग घेऊन बसलो होतो. धाकट्याला फोन लावला, तो बंद. त्याच्या बायकोचाही बंद. दोन दिवसांत मी त्याला एकेचाळीस वेळा फोन लावला. आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला तेव्हा गुरुजींनी रिक्षा आणली, आईला मागे बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि तीन दवाखाने फिरून चौथ्यात खाट मिळवली. त्यांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होतं. दवाखान्याच्या कागदावर नातेवाइकाच्या रकान्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं आणि नात्याच्या जागी लिहिलं, 'शेजारी'.

त्याच दुपारी बायकोने मला तिचा मोबाइल दाखवला. भावजयीचं स्टेटस होतं. निळं पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर तरंगणाऱ्या ताटात नाश्ता, आणि धाकटा काळा चष्मा लावून नारळाला नळी लावून पितोय. खाली लिहिलं होतं, 'अखेर मोकळा श्वास'. माझी आई तेव्हा श्वासासाठी नळी लावून पडली होती. मी तो मोबाइल पालथा ठेवला आणि त्या दिवशी देवापुढे दिवा लावला नाही. देवी सगळं बघते म्हणतात. मग हे तिने बघितलं की नाही, आणि बघितलं असेल तर ती कोणाच्या बाजूने आहे, हा प्रश्न मी तिला उघड विचारला. उत्तर आलं नाही.

आई अकराव्या दिवशी घरी आली. धाकट्याचा फोन त्याच्या चार दिवस आधी आला होता. मी फार बोलणार नव्हतो, पण एक गोष्ट मला कळत नव्हती.

"नाशिकहून मुंबईला, विमानापर्यंत गेलास कसा? जिल्हाबंदी होती ना?"

"पास काढला होता, दादा. सगळं नियमात होतं. रिपोर्ट निगेटिव्ह होता, विमान चालू होतं. बंदी रस्त्याला होती, आकाशाला नव्हती."

"पासवर कारण काय टाकलंस?"

"तीनच तर कारणं होती. आजारपण टाकलं."

"कोणाचं?"

"आईचं," तो म्हणाला. "मुंबईत दवाखान्यात आहे म्हणून. दादा, तेव्हा ती चांगली होती रे."

मी फोन ठेवला. त्याच्या लिहिण्याने आई आजारी पडली असं मी मानत नाही. मी आकड्यांचा माणूस आहे. पण जे खोटं मी माझ्या आईबद्दल लिहिलं नाही, आणि त्यापायी तिच्याजवळ पोचलो नाही, तेच लिहून हा माणूस समुद्रात पाय सोडून बसला, हे मला गिळता येईना. अजूनही पूर्ण गिळलेलं नाही. ते चूक होतं, आणि या लिखाणाच्या शेवटीही ते चूकच राहणार आहे.

श्रावणात कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी देवपूरला गेलो. अंघोळ करून, देवघरापुढे नवं कापड अंथरून मोजायला बसलो. माझं नाव, माझ्या मुलाचं, चुलतभाऊ आप्पाचं, त्याच्या मुलाचं, मग धाकट्याच्या दोन्ही मुलांची. मुलांचा दोष नव्हता, म्हणून त्यांच्या मुठी मी जरा भरूनच घेतल्या. कापडाची गाठ मारली. आई भिंतीला टेकून बघत होती. आजारपणानंतर तिचा आवाज बारीक झाला होता.

"सहाच? बठ्ठा सात शेतस ना, भाऊ."

"सहाच आहेत, आई."

"माले काय हुयनं? मी शे ना जिती."

ती जिवंत आहे, मग राग कशाला, असं तिचं म्हणणं. मी गाठ आणखी घट्ट केली. ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

गिरणीवर रोटाच्या दळणासाठी त्या दिवशी गिरणी धुऊन काढलेली असते, त्यामुळे रांग होती. माझ्या पुढे चौघं होती. पहिलं दळण निम्मं झालं आणि वीज गेली. गिरणीवाला म्हणाला, "बसा आता. कधी येईल ते तिलाच माहीत." मी पायरीवर बसलो. शेजारी साठीच्या घरातली एक बाई होती, मास्क हनुवटीवर ओढलेला, मांडीवर लहानसं गाठोडं. मी त्यांना ओळखत नव्हतो. त्यांनीच विचारलं, "कितला जन शेतस तुना घरमा?"

"सहा," मी म्हणालो. मग का कोण जाणे, काट्यावर चुकीचं वजन सांगितल्यासारखं वाटलं आणि मी दुरुस्ती केली, "तसे सात. एकाला घेतलं नाही यंदा."

"का बरं? गया का तो?"

"नाही. आहे. नाशिकला आहे."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग गाठोड्यावर हात ठेवून सांगू लागल्या. त्यांचा मुलगा मागच्या साली, पहिल्या लाटेत गेला. सुतकामुळे गेल्या वर्षी कानबाई बसली नाही. यंदा नातवासाठी बसवायची ठरवली. घरात पुरुष म्हणून तो नातू एकटाच. सकाळी एकच मूठ घ्यायची होती. "पन मना पोर्‍यानी मूठबी पडी गयी," त्या म्हणाल्या. "नाव लेवाई गयं. हातले काय समजस?"

मी विचारलं, मग ते गहू काढून ठेवले का. त्या हसल्या, आणि ते हसू मी विसरलेलो नाही.

"मोजेल मूठ काढतस का कोठे? मीच खासू ती." आणि मग माझ्या गाठोड्याकडे बोट करून, "तुना भाऊ जिता शे ना? मंग भांडनं व्हई ते भांड, पन मोज त्याले."

मग रांगेतला नंबर त्यांनाच सांभाळायला सांगून गाठोडं घेऊन घरी आलो. देवघरापुढे गाठ सोडली. आई झोपलेली नव्हती, पण तिने डोळे उघडले नाहीत. मी धाकट्याचं नाव घेतलं आणि सव्वा मूठ घातली. प्रेमाने घातली असं खोटं लिहिणार नाही. हात जड होता. पण माझ्या त्या जड हाताला त्या बाईंच्या हातापुढे लाज वाटत होती. गेलेल्या मुलाची मूठ ज्या हाताने आपसूक टाकली, त्याच्या शेजारी बसून मी जित्या भावाची मूठ रोखून धरली होती. परत गिरणीच्या पायरीवर पाय ठेवला आणि वीज आली. योगायोग असेल. मी फक्त घडलं ते सांगतो. त्यांचं दळण झालं, गाठोडं डोक्यावर घेऊन त्या निघून गेल्या. नाव विचारायचं राहिलंच.

तिथूनच मी धाकट्याला फोन केला. "तुझी मूठ घातली आहे. उद्या येऊन खा," एवढंच बोललो.

रविवारी तो दोन्ही मुलांना आणि बायकोला घेऊन आला. दारातच उभा राहिला. आप्पा म्हणाला, "ये, बस. तिकडे म्हणे ताट पाण्यावर तरंगत होतं. इथे जमिनीवर आहे, सांडू नको." मुलं हसली. धाकटा हसला नाही. त्याने पान ओढून घेतलं आणि मान खाली घालून खाऊ लागला. आईने त्याच्या रोटावर तूप वाढलं, मग माझ्या रोटावर वाढलं. मी मोजत होतो, दोघांना सारखंच.

आणि तेव्हा घास हातात असताना मला ते दिसलं. आईला ज्यांनी रिक्षात घालून नेलं, त्या गुरुजींना या रोटाचा कण देता येत नाही, तशी रीतच आहे. आणि आम्ही दोघं भाऊ, त्या अकरा दिवसांत तिच्याजवळ नसलेले, पोटभर खात होतो. एक खोटं बोलून नव्हता, एक खरं बोलून नव्हता. मी चार महिने या दोन गोष्टींतला फरक मोजत होतो. फरक आहेच. पण देवीच्या पंगतीत मला जी जागा मिळाली होती ती त्या फरकामुळे मिळालेली नव्हती. ती मला दिलेली होती, आणि देणारीने माझ्याकडे कुठलाच पास मागितला नव्हता. चैत्रात देवीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर हे असेल, तर ते मला आवडलं नाही. तरी मी ते घेतलं.

सोमवारी सकाळी पांझरा नदीवर कानबाईला निरोप देऊन परतताना धाकटा गुरुजींच्या दाराकडे वळला. मी त्याला तसं सुचवलं नव्हतं. त्याच्या मागे चालताना लक्षात आलं, की चार महिन्यांत फोनवर आभार मानण्यापलीकडे मीही त्या दारात गेलो नव्हतो. गुरुजी पेपर वाचत होते. दोघांना वाकलेलं पाहून त्यांनी पाय मागे घेतले.

"अरे, आधी आत या," ते म्हणाले. "आईच्या गोळ्या कोण देतंय सध्या, ते सांगा."

धाकटा म्हणाला, "आजपासून मी थांबतोय, गुरुजी. पंधरा दिवस."