आमच्या ह्यांचा जन्म कुठला?

"पोराचा जनम कुठं झाला, हे सोयऱ्यांनी इचारलं न्हाई, लई बरं झालं!"

लग्नाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा दाराआडून मामंजींचं हे वाक्य माझ्या कानावर पडलं. सोयरे म्हणजे माझेच आईवडील! हातातला तांब्या तसाच धरून मी उभी राहिले. बाहेर ओसरीवर हसणं झालं, आणि मला वाटलं, कुठं येऊन पडले मी!

तसं वावगं काही नव्हतं. आष्टीच्या त्या ओसरीवर बोलणंच असं चालायचं. मामंजी तहसील कचेरीत पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद ठेवणारे. कचेरी सुटली की त्यांचे दोन दोस्त यायचे: करीमोद्दीन वकील आणि शेजारच्या गावचे बाबूराव पाटील. आष्टी निजामाच्या राज्यात, आणि मी नगरकडची, इंग्रजी मुलखातली, त्यातून नवी. आत बसून ऐकायचं, एवढंच माझं काम. आणि असे किस्से घरात उंदरांसारखे वाढतात. एक आत शिरला की पाठोपाठ चार!

* * *

त्या साली वरून हुकूम आला की सरकारी नोकरानं कुणाची डाली घ्यायची नाही. डाली म्हणजे भेटीची फळांची टोपली. बसल्या जागी एखादं फळ खाल्लं तर चालेल, घरी मात्र काही न्यायचं नाही.

सीताफळांचे दिवस होते. कामं घेऊन येणाऱ्यांनी हुकूम नीट समजून घेतला आणि मामंजींना कचेरीतच खाऊ घालायला लागले. "पेशकारसाब, एक घ्याच. ह्यात काय गुन्हा न्हाई." नको म्हटलं की माणसाचा चेहरा उतरायचा. "म्हंजी माझं काम होत न्हाई म्हणा की!"

संध्याकाळी मामंजी पोट धरून घरी आले. जेवण नको, पाणी नको, कुणी बोलायलाही नको. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओव्याची पुरचुंडी शोधत म्हणाल्या, "हुकूम लाच बंद करायला काढलाय, का पेशकार बंद करायला?"

* * *

मग लोकल कमिटीत एक जागा रिकामी झाली. तहसीलदारसाहेब गावोगावच्या जमीनदारांना बोलावून विचारणार, तुम्हाला कोण हवा? ज्याच्या बाजूनं जास्त माणसं, त्याचं नाव वर जाणार. बाबूराव पाटलांचा त्या जागेवर फार जीव. पण इथंही नवा हुकूम आडवा आला: उमेदवारानं लोकांना दावत द्यायची नाही.

वकिलांनी डोळे मिटून विचार केला. "पाटील, दावत मना हाय. कंदुरी कुठं मना हाय?"

कंदुरी म्हणजे पीराला बोललेल्या नवसाचं बकरं. झालं! दर्ग्यापाशी पाटलांच्या चुली पेटल्या. मग त्याच आठवड्यात दुसऱ्या उमेदवारालाही आपला जुना नवस आठवला.

चौकशीला जमादार आला. "पाटील, नवस कशाचा होता?"

"कमिटीत जाण्याचा."

"पण तुमी अजून गेला कुठं?"

"आगाऊ फेडला! पीरबाबाला कावून ताटकळत ठेवायचं?"

जमादार जेवूनच गेला.

पुढं साहेबांनी एका म्हाताऱ्या जमीनदाराला विचारलं, "तुमचा कौल कुणाला?" म्हातारा म्हणाला, "दोन्हीकडं जेवलो, साहेब. पाटलाचा रस्सा लई पातळ होता." बाकीच्यांचंही तेच म्हणणं पडलं. जागा दुसऱ्याला गेली. पाटील अजून सांगतात, "कायद्यानं न्हाई, आचाऱ्यानं पाडलं मला!"

* * *

त्यानंतर मुल्कीचा हुकूम कडक झाला. सरकारी नोकरी मुल्की माणसालाच, म्हणजे निजामाच्या मुलखातल्याच. बाहेरचा तो गैरमुल्की. चौकशी करणार तहसीलदारसाहेब, आणि ते स्वतः लखनौकडचे!

"मग मुल्की म्हणायचं तरी कुणाला?" पाटलांनी विचारलं.

वकील पान लावत म्हणाले, "हुकूम निघायच्या आधी जो खुर्चीत बसला, तो मुल्की. जो अजून उभा हाय, त्यानं शाबित करायचं."

उभे होते ते आमचे हे. कचेरीत मुन्शीची जागा निघाली होती. ह्यांचं उर्दू अक्षर सुरेख, काम ठरल्यातच जमा. तेवढ्यात कुणीतरी तक्रार केली की ह्यांचा जन्म सरहद्दीपलीकडचा. खोटं कसं म्हणावं? पहिलं बाळंतपण माहेरी करायचं आणि आत्याबाईंचं माहेर नगर जिल्ह्यात. आष्टीतल्या अर्ध्या घरांतले थोरले मुलगे असेच परदेशी!

हुकमाचा अर्थ जो तो आपल्या परीनं लावत होता. आमच्या साहेबांनी लावला तो असा: जन्म इथलाच हवा, आणि त्याला साक्षीदार हवा. नाहीतर जागा दुसऱ्याला. तसं झालं तर ह्यांनी सोलापूरला गिरणीत जायचं आणि मी इथं राहायचं, असं घरात ठरूनही गेलं होतं. एवढं मात्र मला हसण्यावारी नेता येईना.

वकिलांनी धीर दिला. "सूनबाईची चिंता न्हाई. मुल्कीची बायको मुल्कीच धरतात."

"आणि मीच गैरमुल्की ठरलो तर?" ह्यांनी विचारलं.

"तर नवराबायको दोघं परदेशी, आणि म्हैस तेवढी मुल्की!"

* * *

साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारपासूनच ओसरी भरली. आत आत्याबाई भाकरी थापत होत्या, मी चुलीत काटक्या सारत होते.

वकील म्हणाले, "साहेबांना जनम बघितलेला माणूस पाहिजे. ऐकलेला न्हाई, बघितलेला."

"मी हाय की!" पाटील.

"तुमी त्या येळंला कुठं होता?"

"शिरूरच्या बाजारात. बैल घ्यायला गेलतो."

"मग बघितलं कसं?"

"बैल घेऊन आलो तवा समदं गाव सांगत होतं!"

मामंजी म्हणाले, "मी साहेबांच्या दौऱ्यावर होतो. बारशाला सासुरवाडीला गेलो, तर पोरगं पाळण्यात. म्हंजी तिथलंच की. हिला माहेरी न्यायला आलेला गाडीवान होता, तो कवाच वारला."

"मग दुसरं कुणीच न्हाई?"

हे खांबाला टेकून पायाच्या अंगठ्याकडं बघत होते.

आत आत्याबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि पुटपुटल्या, "सरहद्दीच्या नाक्याच्या अलीकडंच झाला मेला. गाडीतच. नाका येईस्तोवर दम निघाला न्हाई त्याला. धनगराच्या वाड्यावर राह्यले, मग पुढं गेले. बाळंतपण केलेली ती धनगराची म्हातारी अजून हाय."

मी बघतच राहिले. "आत्याबाई, मग सांगत का नाही?"

"मला कुणी इचारलं का?" त्यांनी भाकरी उलटली.

बाहेर पाटलांना एकदम सुचलं होतं. "नेकनूरला माझा मेव्हणा हाय. तो काय बी बघितलं म्हणंल!"

"आणा त्याला," मामंजी म्हणाले. वकीलही उठायला लागले.

आजवर ओसरीवरच्या माणसांशी मी एक शब्द बोलले नव्हते. पदर सारखा केला, उंबऱ्याशी गेले, आणि म्हणाले, "आत्याबाईंना विचारा की. ह्यांच्या जन्माच्या वेळी त्या तिथंच होत्या."